तीन लाल पट्ट्या

“पूल गेला! पट्टी कुठं आहे?”

घड्याळकाका स्टिअरिंगवरचा हात न हलवता ओरडले आणि डोक्यावरच्या आरशात बघू लागले. मागे दुसऱ्या खिडकीशी बसलेल्या कंडक्टर पोरीनं हुकाला अडकवलेली बाटली काढली आणि मुकाट्यानं वर धरली. दीड लिटरची बाटली, तिच्यावर वायरींना गुंडाळतात तसल्या लाल चिकटपट्टीचे तीन आडवे पट्टे. पाणी बरोब्बर पहिल्या पट्टीला टेकलेलं होतं.

“शाब्बास! आता गिरणीला दुसरी.”

“हो काका.”

“नुसतं हो नको. प्यायचं.”

पुढच्या बाकावरच्या एका चौकस गृहस्थानं मान वळवून विचारलं, “काय औषध आहे का हो ते?”

“औषधच आहे,” काका म्हणाले. “साधं पाणी. तुम्हीपण प्या, प्रश्न कमी सुचतील.”

बस हसली. पोरगी हसली नाही. पण काकांचं लक्ष बाटलीकडे होतं.

तिचा सातवा महिना सरत आला होता. गेल्या शुक्रवारी तपासणी झाली, तेव्हा सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघता बघता डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. बाळाभोवती जे पाणी असतं ते कमी झालं होतं. “दिवसाला तीन लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे,” त्या म्हणाल्या. “पुढच्या शनिवारी परत बघू. वाढलं नसेल तर दाखल व्हायचं. आणि वेळ पडली तर बाळाला आत्ताच बाहेर काढावं लागेल. आत्ता काढलं तर फार लहान असेल ते.” घाबरवायचं म्हणून सांगितलं नाही त्यांनी, पण पोरगी घाबरली. बसून करायचं काम द्या असा अर्ज तिनं दीड महिन्यापूर्वी डेपोत दिला होता. तो अर्ज साहेबांच्या टेबलावर आराम करत होता आणि ती उभ्यानं तिकिटं फाडत होती. रजा आत्ताच संपवली तर बाळ झाल्यावर काय करायचं, म्हणून तीही हट्टानं कामावर येत होती.

हे सगळं तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना सांगितलं, आणि काकांनी ताबडतोब कारभार हातात घेतला. माणूसच तसा. घरून चिकटपट्टी आणली, बाटली मोजून कापल्यासारखी चार भागांत वाटली. सुटल्यापासून पुलापर्यंत एक भाग, पुलापासून गिरणीपर्यंत दुसरा, गिरणीपासून तिठ्यापर्यंत तिसरा, आणि तिथून शेवटच्या स्टँडपर्यंत उरलेलं. जाताना एक बाटली, येताना एक. झाले तीन लिटर! डॉक्टरांनी सांगायचं आणि आपण विसरायचं, असला घोळच नको.

आता या काकांना घड्याळकाका का म्हणत, तेही सांगायला हवं. एकतीस वर्षं गाडी चालवली, एकदाही उशीर नाही. आठला डेपो सोडायचा, साडेदहाला पलीकडचा स्टँड. अकरा दहाला तिथून निघायचं, एक चाळीसला परत डेपोत. गिरणीवरचा पहारेकरी त्यांची गाडी आली की घड्याळ लावायचा म्हणे. चार महिन्यांनी निवृत्ती होती आणि एकतीस वर्षं वेळेवर गाडी नेल्याबद्दल डेपो त्यांचा सत्कार करणार होता. काकांनी भिंतीवर खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. मानपत्र यायचं बाकी होतं.

पट्ट्यांचा आजचा सातवा दिवस. उद्या शनिवार, उद्या तपासणी.

गिरणी आली. “पट्टी?” बाटली वर. पाणी दुसऱ्या पट्टीला टेकलेलं. काकांना इतकं बरं वाटलं की त्यांनी एका सायकलवाल्याला उगाचच हॉर्न वाजवून सलाम केला.

गिरणी ते तिठा चढ आहे, आणि वळणावर वळण. एका वळणावर एक मोटारसायकल डावीकडून घुसू बघत होती, म्हणून काकांनी बाहेरच्या डाव्या आरशात नजर टाकली. मोटारसायकलवाला एका हातानं तोंड पुसत होता आणि वर बघून शिव्या घालत होता. काकांना कळेना. आभाळ तर कोरडं ठणठणीत. मग त्यांना दुसऱ्या खिडकीतून बाहेर आलेला हात दिसला. हातात उपडी बाटली. पाण्याची धार वाऱ्यानं मागं उडत होती, आणि बाटलीवर लाल पट्ट्या होत्या.

बघता बघता धार थांबली, हात आत गेला.

तिठा आला तेव्हा त्यांनी रोजच्यासारखंच विचारलं, “पट्टी?”

“तिसरी, काका.”

बाटली वर आली. काकांनी बाटलीकडे बघितलंच नाही. आरशात त्यांना आज पहिल्यांदा बाटलीमागचा चेहरा दिसला. ओठांना भेगा पडलेल्या, डोळे आत गेलेले. उतारूंना उतरवायला ती उठली तर दोन्ही हातांनी दांडा धरून क्षणभर तशीच उभी राहिली. सात दिवस हा चेहरा आरशात होता. आपण काय बघत होतो?

तिठा ते स्टँड वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत काकांचा राग पाच वेळा चढला आणि सहा वेळा उतरला. साडेदहाला गाडी स्टँडवर लागली, उतारू उतरले. काकांनी आपल्या बाजूचं दार आपटलं आणि वळसा घालून खिडकीखाली आले.

“खाली ये.”

“काय झालं काका?”

“खाली ये आधी.”

ती उतरली. जिना नाही काही, तीनच पायऱ्या, पण ती तीन वेळा थांबली.

“मला फसवतेस? मी तुझ्या बापाच्या वयाचा माणूस, सात दिवस मागं लागलोय, आणि तू पाणी रस्त्यावर ओततेस? उद्या तपासणी आहे तुझी! त्या पोटातल्यानं काय घोडं मारलंय तुझं?”

तिनं इकडेतिकडे बघितलं. ऐकणारं कुणी नाही असं बघून ती इतकंच म्हणाली, “काका, प्यायल्यावर जाऊ कुठं?”

“म्हणजे?”

“तुम्ही गाडी लागली की त्या मागच्या टायरच्या आड जाता. मी कुठं जाऊ?”

काकांनी वळून मागच्या टायरकडे बघितलं.

“डेपो सोडल्यापासून डेपोत परत जाईपर्यंत पावणेसहा तास होतात,” ती म्हणाली. आता तिला थांबवणं शक्य नव्हतं. “इथल्या बायकांच्या संडासाला कुलूप आहे. मी या मार्गावर आले तेव्हापासून आहे. एरवी दाबून धरत होते हो. आता नाही धरवत. पट्ट्या लावल्या त्याच दिवशी दोन घोट जास्त प्यायले तर येताना गिरणीपाशी... जाऊ दे. पदरानं सीट पुसली मी. तेव्हापासून ओठ ओले करण्यापुरतंच पिते.”

“मग सांगायचं ना मला! वाटेत पेट्रोलपंप आहे, तिथं थांबवली असती गाडी.”

“सांगितलं होतं की. मागच्या महिन्यात.”

काकांना आठवलं. पंप जवळ आल्यावर ती पुढं येऊन हळूच म्हणाली होती, काका, पाच मिनिटं थांबता का. आणि त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवून म्हटलं होतं, पोरी, स्टँड आलाच, तिथं काय ते कर. तिथं काय ते कर! तिथं काय होतं तेही बघायला गेले नव्हते. एकतीस वर्षांत त्यांना गरजच पडली नव्हती.

“आणि पट्ट्या तुम्ही इतक्या मायेनं लावल्या,” ती म्हणाली, “नाही कसं म्हणू? आणि तुमची एकतीस वर्षं माझ्यापायी मोडायची?” एवढं बोलून तिनं चेहरा फिरवला. ती रडत होती, पण डोळ्यांतसुद्धा फारसं पाणी नव्हतं.

काका तिथून तरातरा निघाले ते थेट कंट्रोलरच्या खोलीत. कंट्रोलर चहा पीत होता.

“बायकांच्या संडासाची किल्ली दे.”

“संडासाची? तुम्हाला?”

“मला नको, तिला हवी. दे.”

“अहो, ती कुठाय आता! नळ फुटला म्हणून आधीच्या साहेबांनी बंद केला. सामान ठेवलंय आत. दोन वर्षांत कुणी मागितली नाही किल्ली.”

“कुणी मागितली नाही की कुणाची मागायची छाती झाली नाही?”

“तेच ते.”

“तेच ते नाही बाबा,” काका म्हणाले, आणि बाहेर पडले.

गाडीतून त्यांनी टॉमी काढली, टायर उचकटायची लोखंडी पहार. संडास स्टँडच्या मागच्या अंगाला होता. निळं दार, कडीला गंजकं कुलूप, भिंतीवर ‘स्त्रिया’ असं लिहिलेलं. टॉमी कडीत घालून काकांनी जोर लावला. पहिल्या झटक्याला कुलूप हललं नाही. दुसऱ्याला काकांच्या खांद्यातून कळ गेली. तिसऱ्याला कडी भिंतीच्या ढलप्यासकट उपटून आली.

आत टायर होते. छतापर्यंत रचलेले जुने, गुळगुळीत टायर, गावांच्या नावांच्या मोडक्या पाट्या, एक तीन पायांची खुर्ची. आणि वास असा की काकांनी रुमाल नाकाला बांधला. मग एकेक टायर काढून ते अंगणात घरंगळवू लागले. एक, दोन, पाच, नऊ. साठीच्या आसपासचा माणूस, घामानं खाकी शर्ट पाठीला चिकटलेला. कंट्रोलर धावत आला.

“काका, हे काय चाललंय? सरकारी कुलूप तोडलंत तुम्ही! अकरा वाजले!”

“मला घड्याळ शिकवू नकोस. त्या टोकाला धर.”

“मी?”

“मग काय तुझ्या साहेबाला बोलावू? धर!”

आणि कंट्रोलरनं, कसं कोण जाणे, धरलं.

नळ खरंच फुटलेला होता. काकांनी चहाच्या टपरीवरून दोन बादल्या मागून आणल्या, स्टँडच्या हौदावरून पाणी वाहिलं, खराट्यानं फरशी घासली. गाडीत बसलेले उतारू एव्हाना खाली उतरून बघायला लागले होते. अकरा दहा झाले. कुणीतरी शिटी मारली.

“काय हो, आज घड्याळाला चावी द्यायला विसरले वाटतं!”

“आम्हाला कामं आहेत हो! तक्रार करू!”

“करा,” काका आत घासता घासता म्हणाले. “तक्रारवही खोलीत आहे. पेन नसेल तर माझं घ्या.”

फरशी पांढरी नाही झाली, पण फरशी आहे हे कळायला लागलं. काकांनी भरलेली बादली आत ठेवली, तांब्या नव्हता म्हणून टपरीवाल्याचा डबा ठेवला, आणि पोरीला हाक मारली. दार नुसतं ढकलून घ्यावं लागत होतं, कडीच उरली नव्हती. “जा. सावकाश. मी इथंच आहे.” वीस पावलांवर जाऊन ते दाराकडे पाठ करून उभे राहिले, हातात टॉमी. गर्दीतल्या शिटीवाल्यानं तोंड उघडलं, टॉमीकडे बघितलं आणि मिटलं.

एक म्हातारी उतारू बाई टेकत टेकत आली. “तिचं झालं की मीपण जाऊ का रे बाबा?”

“जा की आजी. तुमचंच आहे.”

आजींच्या मागं एक शिक्षिका येऊन उभी राहिली. तिच्यामागं फुलांची टोपली घेतलेली एक बाई, मग आणखी दोघी. खाली बघत, पदर सारखे करत त्या रांगेत उभ्या राहिल्या. काकांनी मान जराशी वळवून ती रांग बघितली आणि पुन्हा पाठ केली. या सगळ्या माझ्याच गाडीतून येतात, त्यांच्या मनात आलं, किती वर्षं येतात. त्यांना फार लाज वाटली.

गाडी सुटायच्या बेतात आली तेव्हा अकरा एकोणचाळीस झाले होते. कंट्रोलरनं नोंदवही उघडली.

“एकोणतीस मिनिटं उशीर. कारण काय लिहू? तांत्रिक बिघाड लिहितो. म्हणजे तुमचा सत्कार...”

“बिघाड नाही. खरं ते लिही.”

“काका, चार महिने राहिले तुमचे!”

“बायकांचा संडास उघडला, असं लिही. आणि कुलूप मी तोडलं तेही लिही.”

कंट्रोलरनं एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि लिहिलं. काकांनी सही केली.

परतीच्या वाटेवर पोरीनं सगळी बाटली प्यायली. काकांनी एकदाही पट्टी विचारली नाही. फक्त पंपापाशी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद करून म्हणाले, “पाच मिनिटं. ज्यांना जायचं त्यांनी जाऊन या.” तिच्यासोबत सहाजणी उतरल्या.

पण एका बाटलीनं सात दिवस भरून निघत नाहीत. शनिवारी बदली कंडक्टर गाडीवर होता. साडेदहाला काका स्टँडवर पोचले, तर तिच्या नवऱ्याचा फोन आला. “काका, ठेवून घेतलं तिला. पाणी अजून उतरलंय म्हणतात.” काकांनी विचारलं, आता काय करणार. तो म्हणाला, “सलाईन लावलंय. वाट बघू म्हणतात.” काका फोन धरून त्या निळ्या दाराकडे बघत राहिले.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, ऐकता ऐकता धुतलेले कपडे घडी घालत होती. “एवढं डोळ्यांत तेल घालून बघत होतो गं मी,” काका म्हणाले.

“बाटलीकडं बघत होतात,” ती म्हणाली. मग खाकी शर्ट उचलून, “तुमच्याच गाडीतून माहेरी जायचे ना मी, धाकटी पोटात होती तेव्हा. आदल्या दिवसापासून पाणी सोडायचे.”

“कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही वेळेत पोचायच्या खुशीत असायचात.” तिनं घडी घातलेला खाकी शर्ट त्यांच्या हातात दिला आणि आत गेली.

सोमवारी बाळ काढावं लागलं. मुलगी झाली, दोन किलोलासुद्धा पुष्कळ कमी, ओंजळीत मावेल एवढी. आईला ती नुसती दाखवली आणि काचेच्या पेटीत ठेवली. पहिले पाच दिवस डॉक्टर होय म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. काका रोज गाडी लावून दवाखान्यात जायचे, जिन्याशी बसायचे आणि वर न जाता परत यायचे. कुठल्या तोंडानं जाणार? सहाव्या दिवशी नवऱ्यानंच त्यांना पकडून वर नेलं.

पोरगी खाटेवर बसली होती, वाटीत दूध काढून ठेवत होती. पडदा ओढून तिनं पदर सारखा केला. “या काका.” नर्स येऊन वाटी घेऊन गेली; वर पेटीतल्या लेकीला ते नळीनं थेंब थेंब देत होते. उशाशी स्टुलावर तीच बाटली होती. जुन्या पट्ट्या निघाल्या होत्या, त्यांचा चिकटा राहिला होता. वर पांढऱ्या पट्ट्या होत्या, दवाखान्यातल्या, प्रत्येकीवर पेनानं वेळ लिहिलेली. सहा, नऊ, बारा, तीन.

“दर वेळी दूध काढायच्या आधी पट्टीपर्यंत प्यायचं,” ती म्हणाली. “एक दिवस पाणी कमी प्यायले तर दूध कमी आलं आणि जीव उडाला माझा. मग मीच लावल्या.”

काकांनी बाटली उचलून बघितली आणि परत स्टुलावर ठेवली. मग ते म्हणाले, “पोरी, चुकलं माझं.”

“माझंपण,” ती म्हणाली. “ओतायच्या आधी मोठ्यानं बोलायला हवं होतं.” मग तिनं दाराकडे हात केला. “इथं दहा पावलांवर आहे, काका. मोजली मी.” ती हसायला गेली आणि रडली. या वेळी डोळे भरून पाणी आलं.

लेक जगली. ग्रॅमाग्रॅमानं वाढली, दीड महिन्यानं घरी गेली. डोळ्यांची तपासणी अजून दर महिन्याला चालू आहे. लवकर आलेल्या मुलांची करतात. काकांना डेपोनं कुलूप तोडल्याबद्दल ताकिदीचा कागद दिला आणि सत्काराच्या यादीतून नाव काढलं. भिंतीवरच्या खिळ्याला त्यांच्या बायकोनं कॅलेंडर अडकवलं.

निवृत्तीला तीन दिवस होते. पलीकडच्या स्टँडवर काका आपल्या जागेवर बसले होते. किल्ली फिरवायची बाकी होती, मागं गाडी भरलेली. डेपोची माणसं संडासात पुन्हा टायर ठेवायला आली होती, त्यांना टपरीवाल्यानं परत पाठवलं असं कंट्रोलर सांगून गेला होता. निळ्या दाराला आतून नवी कडी बसली होती.

“काका, सव्वाअकरा झाले!” मागून कुणीतरी ओरडलं. “घड्याळ बंद पडलं काय?”

“चालू आहे,” काका म्हणाले. “एक बाई आत आहेत.”

डाव्या आरशात त्यांनी दार नीट दिसेल असा कोन लावला, आणि हात मांडीवर ठेवून वाट बघत बसले.